ज्यांचं अंतर मोजलं नाही

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच! आज जेवता जेवता हारुन म्हणाला, "भाभी को किधर जाना अब? इधरच स्कूल में लगा देता मैं." दीर कमावता झाला की साऱ्या घराचा कारभारी होतो. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, खाली मान घालून भाकरी मोडत राहिल्या. हो नाही, ना नाही.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात राहायचं — इद्दत. इजहारसाठी ती मी मनापासून पाळतेय. पण सत्तावीसला ती संपते, आणि एक डिसेंबरला पुण्याच्या संस्थेत हजर झाले नाही तर माझी जागा गेली. घरात सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

५ नोव्हेंबर
मागची खोली. एक खिडकी, समोर शेजारच्या द्वारकाबाईंची भिंत. आकाश हातभर. आणि मी काम करते आकाशाचं! आमच्या मस्तगड मोहल्ल्यात यापेक्षा मोठा विनोद नसेल.

८ नोव्हेंबर
शेजारच्या द्वारकाबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या. "रिकामी बसून काय करून राह्यली गं?"

रिकामी! मग समजावलं. लांब कुठंतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, अवकाश जरासं थरथरतं. यंत्र एवढंच सांगतं — आकाशाचा अमका पट्टा, अंदाजे इतकं अंतर. त्या पट्ट्यात दीर्घिका शेकडो. टकरीची चमक दोन-चार दिवसांत विझते. म्हणून दुर्बिणीनं आधी कुठं बघायचं, नंतर कुठं, तो क्रम मी लावते. जास्त ताऱ्यांची, अंतर जुळणारी दीर्घिका वर.

"म्हंजी पाव्हणं कोन्या घरी उतरलं ते हुडकायचं."

अगदी बरोबर! पण जाता जाता पचकल्याच, "तुही सासू, तिचा मालक गेल्यापासून दर्ग्यापर्यंत बी कवा गेली न्हाई. मंग तुला पुण्याला कशी जाऊ देईल?"

११ नोव्हेंबर
माझी बॅग पलंगाखाली नाही! अम्मींच्या खोलीत, त्यांच्या पेटीवर. बॅगेला कुलूप. मागितली तर म्हणाल्या, "अभी नै. इद्दत होने दे." एवढंच.

म्हणजे ठरलं यांचं. मला विचारायचीही गरज नाही. उशीत तोंड खुपसून रडले. रागाने.

१४ नोव्हेंबर
आली! दुपारी अम्मी नमाजला बसल्या आणि फोन वाजला. थरथर, आणि जवळची! तासाभरात क्रम लावून संस्थेतल्या अर्पिताला पाठवला. संध्याकाळी दुर्बिणीवर तीच आहे.

इजहार असता तर ताटावर बसता बसता विचारलं असतं, "आज किसने टक्कर मारी?" रोज विचारायचा. कळायचं काही नाही, पण विचारायचा.

१५ नोव्हेंबर
चमक सापडली — परदेशातल्या लोकांना. एका फिकट, कुणी दखल न घेतलेल्या दीर्घिकेत. अर्पिता वैतागली होती. "अगं, तुझ्या क्रमात ती पार तळाला होती!"

बघितलं. चूक माझीच. ज्या दीर्घिकांचं अंतर अजून कुणी मोजलेलंच नाही, त्यांच्यापुढे अंतराच्या गुणांत मी शून्य टाकलं होतं. शून्यानं गुणलं की सगळं शून्यच. माहीत नाही म्हणजे नाहीच, असं धरून मोकळी झाले. पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, भिंत तर समोरच आहे.

१६ नोव्हेंबर
दुरुस्त केलं. अर्पिता म्हणाली, "इथं येऊन समोर बस, पुन्हा सगळं तपासू." येऊन! कशी?

२७ नोव्हेंबर
इद्दत संपली. अम्मींनी न्हायला पाणी तापवून दिलं, केसांना तेल लावलं. बोलल्या नाहीत. हारुन मात्र बोलला, "भाभी, सोमवार को स्कूलवाले साब को मिलके आएंगे." सोमवारी! म्हणजे एक डिसेंबरलाच!

अम्मी गप्प. तेव्हा चमकलं — इतक्या महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही. गप्प आहेत म्हणजे नकार, हे परस्पर मीच ठरवून टाकलं. इथंही शून्य मीच टाकलं की काय? नसेलही. खरंच नकार असेल तर? भीती वाटते. उद्या विचारायचं.

२८ नोव्हेंबर
विचारलं, पुण्याला जाऊ का. अम्मींनी कमरेची किल्ली काढून हातात दिली.

बॅगेत माझं काहीच नव्हतं. त्यांचे कपड्यांचे चार जोड, नमाजाची जानमाज, गुडघ्याला लावायचं तेल. सगळ्यात वर इजहारचा स्वेटर — पुण्यात थंडी असते म्हणून.

"हम दोनों जाते करके हारुन को तू बोल," त्या म्हणाल्या. "मेरे को डर लगता."