चिठ्ठी नसलेलं पैंजण

सोम., ५ जानेवारी

नऊला शेड उघडली. आमच्या आधी कुणी आलेलं नव्हतं. म्हणजे माझ्या आधी. 'आमच्या' का लिहिलं कोण जाणे.

सोमवार म्हणून साफसफाई. चंदनशिवे सरांनी भोसरीतली ही बंद पडलेली शेड सगळ्यांना खुली केली, तेव्हा सुतारकाम, शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर यांना ऐसपैस जागा दिली आणि आमचं दागिन्यांचं टेबल लावलं संडासाच्या भिंतीला. दोन वर्षं झाली, अजून राग आहे. पण टेबल मी चालवते आणि माझ्या टेबलावर शिस्त आहे. एकोणतीस वर्षं कंपनीत क्वालिटीला काढली, ती काही व्हीआरएसच्या कागदांबरोबर जमा करून आले नाही. वस्तू खणात ठेवायची तर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. चिठ्ठी नाही ती मोड. मोड लाल डब्यात. पहिल्या सोमवारी डबा मुशीत ओतायचा, वितळवून लगड पाडायची, त्या चांदीवर नव्या बायका शिकतात. कुरकुरतात सगळ्या, पण आजवर एकीचीही वस्तू गेली नाही.

आज बरंच निघालं. तारांचे तुकडे, बिघडलेली जोडवी. खालच्या खणात वर्तमानपत्राच्या पुडीत एकच पैंजण, काळं पडलेलं, कडी तुटलेली. चिठ्ठी नाही. कात्रीने तुकडे केले, टाकणखार टाकला, गॅसची टॉर्च लावली. लगड सुरेख पडली, एक छिद्र नाही. दाखवायला कुणी नव्हतं. टेबलावर माझ्या शेजारी बसणारी रुखसाना असती तर म्हणाली असती, "ताई, तुम्हाला हात आहे हो." ती फलटणला गेलीय, भाचीच्या लग्नाला.

डबा खाल्ला. घरी.

शनि., १० जाने.

नवा वर्ग. सहा जणी. लगडीचा पत्रा काढून ठेवला होता, पट्ट्या कापून दिल्या. साधी अंगठी: वाकवा, सांधा, कानस मारा. तिघींनी पहिल्याच फटक्यात सांधा वितळवला. ओरडले. मग परत दाखवलं.

चाकणहून कविता म्हणून एक आली होती, वायरिंगच्या लाइनवर काम करते, कॉन्ट्रॅक्टवर. रात्रपाळी करून थेट आलेली. डोळे लाल, पण हात स्थिर. तिची अंगठी सगळ्यात गोल. बाहेर जाताना बोट पुढे धरून चालत होती, मेंदी ओली असल्यासारखी.

सगळ्या एकदम गेल्या. पाच मिनिटांत शेड गप्प. हे दर शनिवारी होतं आणि दर शनिवारी मला नवं वाटतं.

मंगळ., १३ जाने.

काय लिहू.

रुखसाना आली. दुपारी. फलटणहून माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. चपला काढल्या, सरळ खालचा खण ओढला. "ताई, इथं एक पुडी होती. बघितली का?"

"कसली पुडी?"

"अम्मीचं पैंजण. जाताना घाईत टाकलं, म्हटलं आल्यावर चिठ्ठी लावू. एकच राहिलंय ना त्यातलं. माझ्या लेकीच्या, रेहानाच्या शादीला जोड करायचाय, तुम्हाला बोलले होते की."

बोलली होती. दिवाळीच्या सुमारास, चहा पिताना. तिची आई गेली तेव्हा वाटण्यांत एक पैंजण बहिणीकडे, एक हिच्याकडे आलं. बहिणीने तिचं हरवलं. हे सगळं सांगत होती आणि मी कुणाच्यातरी पट्टीची जाडी मोजत होते. "हं" म्हणाले होते.

आज म्हणाले, "नाही बघितली."

का? एवढंच सांगायचं होतं की माझ्याकडून चूक झाली. तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, ही उठून गेली तर माझ्याशी बोलायला या शेडमध्ये कोण आहे? शेडमध्ये कशाला, कुठेही कोण आहे?

मग आम्ही दोघींनी शोधलं. खण उपसले. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकले, रोलरच्या मागे झाडू घातला. मी. जिने वितळवलं ती.

बुध., १४ जाने.

संक्रांत. सोसायटीत हळदीकुंकू. मला बोलवायचं की नाही, हा बायकांचा दरवर्षीचा पेच. लग्न न झालेली छप्पन्न वर्षांची बाई कुठल्याच यादीत बसत नाही. यंदा वाण घरी पाठवून दिलं, स्टीलची चाळणी. दार उघडेपर्यंत देणारी जिन्यात.

वॉचमनला तिळगूळ दिला, त्याने मला दिला. झाली संक्रांत.

शुक्र., १६ जाने.

रु.चा फोन. काळेवाडीच्या रिक्षा स्टँडवर विचारून आली. "खणात ठेवलं असं मला वाटतंय फक्त. सहा सीटरमध्येच पडलं असेल. आमचे रफीक म्हणतात, तू स्वतःचं डोकं पण विसरशील. बरोबर आहे त्यांचं."

मी म्हणाले, "असेल."

'असेल'! कंपनीत खोटा रिपोर्ट कधी सही केला नाही. प्लांट हेड समोर उभा असताना नाही केला. आणि इथे आपण होऊन. स्वतःची किळस आली. जेवले नाही.

रवि., १८ जाने.

पिंपळे गुरववरून विलासचा फोन, रविवारचा नेहमीचा, अकरा ते अकरा दहा. धाकटा भाऊ आहे, पण बोलतो थोरल्यासारखा. त्याला सांगितलं सगळं.

"ताई, तिला कसं कळणारे? गप्प बस. आपोआप विसरेल."

"तिच्या आईचं होतं रे."

"म्हणून तर सांगू नकोस."

मग त्याला दुसरा फोन आला.

मंगळ., २० जाने.

उपाय सुचला! कंपनीत सदोष माल गेला की ग्राहकाकडून परत बोलावतात. सहा अंगठ्या परत बोलवायच्या. सहाही जणींना फोन लावले: "सांध्यात दोष असू शकतो, तपासून देते." खोट्यावर खोटं. पण पुन्हा वितळवून निदान ती चांदी तरी तिच्या हातात देता येईल.

गुरु., २२ जाने.

पाच अंगठ्या आल्या. कविता फोन उचलेना म्हणून आज बसने चाकणला गेले. दीड तास, अर्धा उभ्याने. पत्र्याच्या खोलीत राहते, दारात पाण्याचे कॅन. चहा दिला. अंगठी मागितल्यावर हात पदराखाली.

"न्हाई ताई. मी न्हाई देनार."

"तपासून परत देते गं."

"तुटू द्या तुटली तर. लग्नात घातलं ते समदं सासूच्या कपाटात हाय. आमी कंदी सोताचं म्हनून काय केलं न्हाई. ह्ये एकच हाय."

सांधा चांगला झालाय म्हणाले आणि उठले. एवढंच खरं बोलले आठवड्यात.

शुक्र., २३ जाने.

पाच अंगठ्या टेबलावर मांडून बसले. यातलं अम्मीचं कुठलं? त्या डब्यात आठ-नऊ जणींची मोड होती, आणि कांडीने ढवळली मीच, चांगली एकजीव होईपर्यंत. उरलेला पत्रा जंतराच्या भोकांतून ओढून तार होऊन कुठे कुठे गेला. मूर्ख बाई. हा काही सदोष माल नाही, परत बोलवायला.

शनि., २४ जाने.

अंगठ्या परत दिल्या. सांधे ठीक आहेत म्हणून सांगितलं. खरंच ठीक होते. बायकांना कौतुक, "मॅडम किती काळजी घेतात".

मंगळ., २७ जाने.

आज झालं.

रु. वही घेऊन आली. शाळेची चौकटींची वही. आठवून आठवून पैंजणाचं चित्र काढलं होतं, किती वेळा खोडलेलं. "ताई, नाही मिळालं तर नाही. आठवणीतून दोन्ही नवे करू. तुमची नजर पक्की, जरा मापं धरून द्या."

मी चित्र बघितलं. दोन आठवडे तोंड मिटून बसले होते, आणि एवढ्याशा गोष्टीला उघडलं. चूक दिसली की मला राहवतच नाही. पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "कैऱ्या उलट्या काढल्यास. देठ आत. आणि कडीशी तीन घुंगरं, दोन नाही."

तिने आधी चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. तीनच होती."

मग माझ्याकडे बघितलं. पैंजण तिने मला कधी दाखवलं नव्हतं.

पलीकडे सुताराचं यंत्र चालू होतं. ते थांबलं. मग सांगितलं. पुडी, लाल डबा, मूस, सगळं. दिवाळीत ऐकलं नव्हतं तेही सांगितलं. रडू आलं नाही, आलं असतं तर बरं.

ती ओरडली नाही. "चिठ्ठी मी लावली नव्हती," म्हणाली. मला क्षणभर वाटलं, सुटले. मग म्हणाली, "गेलं ते गेलं असं म्हणता येतं हो, ताई. पण माझ्यासोबत टेबलाखाली वाकून शोधत होता तुम्ही. मी रफीकच्या शिव्या खाल्ल्या. घरात समदे म्हणाले, हिचं वय झालं. मला पण वाटायला लागलं, डोकं चालेना माझं. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, असेल."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"आता कुठं आहे ती चांदी?"

अंगठ्यांचं सांगितलं.

"नावं लिहून द्या."

तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिली. नाव, पत्ता, फोन. सहा जणी. मग सातवं माझं लिहिलं. त्या दिवशी दाखवण्यासाठी एक मीही केली होती, घरी ओट्यावर वाटीत पडून आहे, मी काही घालत नाही. संत तुकाराम नगरचा माझा पत्ता तिला माहीत नव्हता. दोन वर्षांत ती कधी घरी आली नाही. मी कधी ये म्हटलंच नाही.

पान फाडलं नाही. वही मिटली, पिशवीत घातली, गेली.

शनि., ३१ जाने.

रु. नाही. फोन नाही. वर्गात दोघीच. चंदनशिवे सर म्हणाले, "भाभी दिसत नाहीत हल्ली." म्हटलं, कामात असतील. मग त्यांच्या मागे जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. मला आता अर्धवट बोलायचंच नाही. सर म्हणाले, लाल डबा काढून टाका. मी म्हणाले, डब्याचा काय दोष.

शुक्र., ६ फेब्रु.

यादीतल्या पहिलीचा फोन. निगडीची. "मॅडम, कुणी रुखसानाभाभी आल्या होत्या. तुम्हीच पाठवलं ना?"

मी विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही. अंगठी बघू का म्हणाल्या. हातात घेऊन बसल्या बराच वेळ. त्यांच्या आईबद्दल बोलल्या. चहा घेतला, अंगठी परत माझ्या बोटात घातली नि गेल्या."

"मागितली नाही?"

"छे."

"माझ्याबद्दल काही?"

"तुमच्याबद्दल काहीच नाही बोलल्या."

मंगळ., १० फेब्रु.

दुसरी, तिसरी झाली. यादीच्या क्रमानेच जातेय. मी फोन करून विचारत नाही, बायकाच सांगतात. तिसरी म्हणाली, त्यांच्या अम्मी पैंजण घालून विहिरीवर जायच्या, आवाजावरून घरात कळायचं. मला हे माहीत नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल.

टेबलापाशी तिचं स्टूल आहे. कुणी ओढून घेतलं की मी परत जागेवर ठेवते. वेडेपणा.

शुक्र., १३ फेब्रु.

कविताचा फोन. यादीत ती सहावी. "ताई, त्या भाभी काल आल्या व्हत्या. मी म्हनलं घ्या तुमची हाय तर. मी लई रडले. त्या न्हाई म्हनल्या. म्हनल्या, तू घालत जा रोज, काढू नको."

"बरं."

"तुमी का रडताय?"

नाही म्हणाले. खोटं. एवढं एक चालतं बहुतेक.

रवि., १५ फेब्रु.

सहा घरं झाली.

सकाळपासून ओटा दोनदा पुसला. अंगठी वाटीतून काढून घासली. मग वाटलं, घासायला नको होती. विलासचा फोन आला, म्हटलं नंतर कर, त्याला नवल वाटलं. शेजारी कुरिअरवाला आला तर मी धावत दाराशी. ती आजच येईल असं कुठे आहे? सातव्या नावापाशी पान उलटलंही असेल तिने. आली तर काय म्हणेन तेही ठरलेलं नाही. दोन-तीन वाक्यं लिहून बघितली, खोडली. आली तर ती बोलेल आणि मी ऐकेन, एवढंच करायचं.

पण पत्त्यात मजला लिहिला होता का? बिल्डिंग, विंग लिहिल्याचं आठवतं. मजला आठवत नाही. आणि लिफ्ट कालपासून बंद आहे. तिचे गुडघे दुखतात.

खाली गेटपाशी जाऊन उभी राहते थोडा वेळ.