पाण्यात घातलेला विळा

लोणावळा, ता. १४ नोव्हेंबर १९२६

चिरंजीव महिपतीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आबांचा खोकला कमी आहे. भाताची कापणी जोरात, त्यामुळे विळ्यांना मागणी लय. स्टेशनासमोर आता माझ्या लोहारकीचे तीन भाते चालतात. आबांचा एकच होता, हे तुला आठवत असेल. तुमच्या जमशेदपूरच्या कारखान्यात नवी भट्टी पेटली म्हणे, चार मजली. असू दे.

तू पाठवलेलं पोलाद ठिसूळ निघालं, असं मी मागं लिहिलं होतं. तसं नव्हतं.

कांब आली त्या दिवशी टांगून हातोडीनं हलकेच वाजवली. आवाज उठला तो निवेचना. माझे कान तुला ठाऊक आहेत. विलायती मालही असा बोलत नाही. आतून आबा ओरडले, "महिपतीचं पोलाद आलं का रं?" बारा वर्षं मी इथं घण घालतोय. माझ्या आवाजावर त्यांनी कधी मान वर केली नाही.

तुझी चिठ्ठी मी वाचली होती : तापल्यावर तेलात बुडव, पाण्यात नको. तरी चार गिऱ्हाइकांदेखत त्या कांबेचा विळा लालभडक करून विहिरीच्या गार पाण्यात घातला. आत बारीक टिक् झालं. मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. मग ऐरणीवर आपटला. दोन तुकडे.

मळवलीच्या सरुबाई म्हणाल्या, "दत्तोबा, भावाचा कारखाना काचेचा हाय का वो?"

सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

आबांनी तुकडे चाचपले. "पाण्यात का घातलास?"

"महिपतीनंच तसं लिवलंय."

"मग पोरगं धंदा इसरलं."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं. पण आता पोस्टमन दारात आला तरी, तुझं पत्र आहे का, असं आबा विचारत नाहीत.

परवा उरलेल्या कांबेचा विळा केला, करंजाच्या तेलात बुडवून. सरुबाईंनी काल दिवसभर भात कापलं, धार जशीच्या तशी. तरी आबांपुढं माझं तोंड उघडत नाही. तेव्हा तूच त्यांना लिही, "मी दत्तोबाला तेल सांगितलं होतं." तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवतो. या वेळी एकही ओळ गाळणार नाही.

भट्टीचं मात्र थोडक्यात लिही.

तुझा,
दत्तोबा