येणारे एक, जाणारे दोन

२ फेब्रुवारी
पोचले! तमिळ मुलखातल्या मेलकावेरी गावच्या विठ्ठल मठाने मला मागची खोली दिली आहे. खिडकीबाहेर केळी, आणि दिवसभर कॉफीचा वास. पुण्यात शाळेची वेबसाइट सांभाळायचे, निवृत्तीनंतर आता मठाची सांभाळणार. स्वयंपाक बघणाऱ्या मीनाक्षीबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. माझी आई इथलीच. तिच्यासारखंच जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ मिसळलेलं मराठी त्या बोलतात. आई गेल्याला बारा वर्षं झाली, त्यानंतर आज कुणीतरी मला 'जये' म्हणालं. माझं मराठी मात्र त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं म्हणे.

४ फेब्रुवारी
मठाच्या वेबसाइटवरून ईमेल जात नाही. उत्सवाच्या पंगतीचं आमंत्रण पाठवलं की 'पाठवलं' असं दिसतं, पण कुणालाच पोचत नाही. व्यवस्थापक व्यंकटरमण म्हणाले, आठ वर्षं असंच चाललंय, आम्ही फोन करतो. मला ते पटेना. वेबसाइटमध्ये ईमेलचा जुनाच पासवर्ड होता, सर्व्हरचा पोर्टही चुकीचा. दोन्ही नीट केले, स्वतःला चाचणीचं पत्र पाठवलं, ते आलं! रांगेत एकशे त्रेचाळीस आमंत्रणं अडकलेली दिसली. यंदाचीच असणार म्हणून सगळी सोडून दिली. मीनाक्षीबाई म्हणाल्या, यंत्र ओरडल्याशिवाय ऐकतं होय? आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं, ते ओरडूनही ऐकत नसत.

६ फेब्रुवारी
आमंत्रणासोबत एक फॉर्म जातो: स्टेशनवरून गाडी हवी का, येणारे किती, जाणारे किती. आज पहिला भरून आला. नाव शामसुंदर. येणारे एक, जाणारे दोन. मला हसू आलं. व्यंकटरमणांना दाखवला, तर ते खुर्चीवर बसलेच. शामसुंदर मठात मृदंग वाजवायचे. मीनाक्षीबाईंचे यजमान. चार वर्षांपूर्वी गेले.

रांगेत आठ वर्षांची आमंत्रणं होती. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, आधी तारीख, मग मजकूर. मी तारखाच पाहिल्या नाहीत.

७ फेब्रुवारी
'आमंत्रण रद्द' असं पत्र त्याच पत्त्यावर पाठवलं. परत आलं: असा पत्ता नाही. दहा मिनिटांत त्याच पत्त्यावरून दुसरा फॉर्म. गाडी नको, चालत येतो, सुंदरपेरुमाळ कोयिल गाव सोडलं. जाणाऱ्यांच्या रकान्यात दुसरं नाव: मीनाक्षी.

व्यंकटरमण म्हणाले, कुणाची तरी चेष्टा. पण स्क्रीन त्यांनीच बंद केली.

८ फेब्रुवारी
मीनाक्षीबाईंना सांगावंच लागलं. त्या भाजी चिरत राहिल्या. म्हणाल्या, पंगतीला बोलावलेल्याला येऊ नको म्हणता येत नाही, जेवू घालावंच लागतं. पण बरोबर कुणाला न्यायचं हे पाहुण्याने ठरवायचं नसतं. चाळीस वर्षं फाटकापर्यंत जायचं तरी त्यांना विचारलं. आता नाही विचारणार.

मग मला रागावल्या, रडतेस काय, नारळ किस.

१० फेब्रुवारी
पासवर्ड बदलला. वेबसाइट बंद केली. तरी फॉर्म आला. स्वामीमलै ओलांडलं, म्हणजे आणखी जवळ.

मीनाक्षीबाईंचे पाय गार पडलेत, दुपारच्या उन्हातही. डॉक्टरांना काही सापडत नाही. त्यांना घेऊन गाव सोडू म्हटलं. त्या म्हणाल्या, माझं स्वयंपाकघर आहे, मी का पळू?

११ फेब्रुवारी
मेलकावेरी — एवढंच आलंय. जाणाऱ्यांच्या रकान्यात मी 'दोन' पुसून 'एक' केलं. पुन्हा दोन. एकवीस वेळा पुसलं. येऊ दे. मीही इथेच आहे.

१२ फेब्रुवारी, दुपार
पंगत उठली. शेवटचं एक पान मांडलेलं आहे. समोर कुणी नाही, पण भात कमी होतोय.

मीनाक्षीबाई स्वतः वाढताहेत. म्हणाल्या, लिहून ठेव, मी नाही म्हटलं म्हणून. लिहिते. त्या नाही म्हणाल्या. तीनदा. मोठ्याने. मग हसून पानाला म्हणाल्या, मीठ कमी असेल तर तसंच खा —

पान रिकामं.

त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचा डावा हात माझ्या डाव्या हातात. उजव्याने लिहितेय. त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला जातोय — कुणीतरी धरल्यासारखा — बोटांचे ठसे उमटताहेत मनगटावर —

त्या म्हणताहेत, सोडा, मला रात्रीच्या डोशाचं पीठ वाटायचंय.

ओढतोय. दोघींना. खुर्ची सरकली. मी सोडणार नाही — पाहुणे, जेवलात, आता निघा — एकटे — मी सांगते, ही येणार नाह—