न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय पप्पा,

इतक्या दुरून तुमच्या धाकटीचा प्रेमाचा सलाम. मी मजेत आहे. तुमचा खोकला कसा आहे? औषध घेता की आईची पाठ वळली की कुंडीत ओतता?

मंगळवारी तुमच्या होणाऱ्या जावयाने आणि मी लग्नाची नोंदणी केली. रागावू नका, त्याच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि लग्नाचा कागद दाखवला की ती वाढवून मिळते. कचेरीत ऊन असं पसरलं होतं की टेबलावरचे कागद पाण्यावर तरंगल्यासारखे वाटत होते. कारकूनबाईंनी वय विचारलं, पत्ता विचारला, आधीचं लग्न नाही ना ते विचारलं. साक्षीदारांनी सह्या केल्या.

मी मात्र वाट बघत उभी. पाळकाची लेक ना मी! चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून, लग्नं लावताना तुम्हाला कितीदा विचारताना ऐकलंय, दुखण्यात, अडचणीत, मरेपर्यंत साथ देशील का? तो प्रश्न काही येईना, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "होय, देवाच्या साहाय्याने देईन."

बाई हसल्या. "अगं, इथे फक्त सही लागते."

कायद्याला मी नावं ठेवत नाही, पप्पा. उद्या त्याने मला टाकलं, तर तोच कागद माझ्या बाजूने उभा राहील. पण एकदेह होण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

म्हणून तो अजून रोज संध्याकाळी मला वसतिगृहाच्या फाटकाशी सोडून आपल्या खोलीवर जातो. मैत्रिणी विचारतात, "नवरा ना तुझा?" मी म्हणते, "अर्धा."

खोकला थांबला की या. उत्तर मी देऊन बसलेय, प्रश्न तेवढा तुम्ही विचारा.

तुमचीच,
धाकटी