शेवंतीपर्यंत पोचेल एवढा आवाज

३ जून, मंगळवार
गौतमीने वही आणली. म्हणते, आजी, संध्याकाळी तुझा आवाज बसतो, तेव्हा यात बोल. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढे म्हशी. नात कॉलेजात जाते आणि मास्तरणीसारखी वागते.
आजाराचं नाव मायस्थेनिया. तिनेच लिहून दिलं. पणजीचे डॉक्टर म्हणाले, फार थोड्यांना होतो. मला लॉटरी कधी लागली नाही, हे लागलं. नसा हाक मारतात पण अंगाला ती पोचत नाही, म्हणून पापणी पडते, चावताना दम लागतो, बोलणं नाकातून. मुळातून जाणार नाही, पण गोळ्यांनी हळूहळू बरं वाटेल.

७ जून
गोळी घेतली, अर्ध्या तासाने पेज. गेली खाली.
शेवंती आजही नाही. दोघी लग्न होऊन आलो तेव्हापासून वंयीच्या दोन बाजूंनी बोलतोय. कुंपण तरी कसलं, चार काठ्या आणि जास्वंद. मे महिन्यात तिला नातू झाला, पेढे घेऊन आली. मला केवढा आनंद. हसायला गेले तर ओठ वर जाईनात, नुसते दात दिसले. बोलले तेही तिला कळलं नाही. पुडा ठेवून गेली ती गेलीच. गावाला वाटतं माझे नुसते डोळे बिघडलेत. पोदेर पाव द्यायला आला तो सांगत होता, शेवंती म्हणते, "तिका माजा बरा बघवत नाय."
दोडामार्गची ती. राग धरला की सोडत नाही.

१५ जून, रविवार
गौतमी : मी जाऊन सांगते.
नको.
मग फोन कर.
फोनवर माझा आवाज फेणी घेतल्यासारखा. आधीच काय कमी झालंय. आणि नातवासाठी हसायचं राहिलंय, ते माझ्या वतीने दुसरं कोण हसणार?

२ जुलै
अख्खा उंडो पाव खाल्ला, चहात न बुडवता. मांजराला शुक् केलं तर उठलं. कालपर्यंत कान हलवत नव्हतं.

२० जुलै
वाईट दिवस. काल कारापूरची बहीण आली, बोलत बसले, तिच्या सुनेपासून नारळाच्या भावापर्यंत. आज पापणी खाली, जीभ जड. डॉक्टर म्हणतात कमी बोला. आमच्या यांनी जन्मभर हेच सांगितलं, फी न घेता.

६ ऑगस्ट
आरशात हसून बघितलं. एक कोपरा वर गेला. दुसरा विचार करतोय.

१८ ऑगस्ट, सोमवार
सकाळची गोळी लागू पडली तशी वंयीपाशी गेले. शेवंती कपडे वाळत घालत होती. हाक मारली, गो शेवंते. वळली नाही. परत मारली. जास्वंदीवरचा पक्षी उडाला.
पाठ करूनच म्हणाली, "आता गो माजी आठवण इली?"
सांगायला लागले. पेढे, ओठ, नसा, गोळ्या. अर्ध्यावर आवाज गेला. मग डोळ्याला बोट लावलं, तोंडाला लावलं. ती वळली. चिमटे हातात घेऊन बघत राहिली.
"गो मेले, तोंड चलना नाय ता सांगूक तोंडच कशाक व्हया? हात नाय तुका?"
आणि तरातरा घरात गेली. मला वाटलं, संपलं.
नातवाला घेऊन आली. वंयीच्या फटीतून, साडी काठीला अडकली तरी.
मी हसले. कसं दिसलं देव जाणे.

१९ ऑगस्ट
आज आवाज नाही. शेवंती येऊन बसली, दोघींचं एकटीच बोलली. म्हणते चवथीला गणपतीपुढे फुगडी घालूया, तू नुसती फू कर. फू तरी होईल का, डॉक्टरांना विचारायला हवं. पापणी आताही खालीच आहे, एका डोळ्याने लिहितेय.
काल लिहायचं राहिलं. बाळ रडलं नाही.