बाळाच्या पोटाला बांधलेलं घुंगरू

१६ फेब्रुवारी १९६१, गुरुवार. तळोद्याजवळ, ताईच्या घरी.
रोजनिशी आजपासून नियमित. (मागची वही नंदुरबार स्टेशनावर राहिली.) ताईचं बाळ बारा दिवसांचं झालं. ताई झोपतच नाही. पहिलं पोरगं गेल्या वर्षी झोळीत झोपलं ते उठलंच नाही, म्हणून आता ह्याच्या नाकाखाली बोट धरून बसते. दाजी नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या कामावर. म्हणजे घरात पुरुष मीच. होळीला दोस्त जालमसिंगबरोबर जीपने वर डोंगरात काठी गावाला जायचं आहे. त्याआधी हा प्रश्न निकालात काढणे.

१७ फेब्रुवारी
यंत्र तयार. बाळाच्या पोटावरच्या पट्टीला दोरा, दोरा वर वाशाला, मध्ये बकरीच्या गळ्यातलं घुंगरू. श्वास चालू तोवर वाजणार. थांबलं की धावायचं. रेडिओच्या दुकानात चार दिवस होतो, ते वाया गेले नाहीत. ताईला म्हटलं, तू झोप, सायन्स जागं आहे. ती म्हणे, हिंमतभाऊ, तू जागा ऱ्हाय म्हणजे झालं.

१८ फेब्रुवारी, दुपार
घुंगरू थांबलं. मी ओरडलो. किती मोठ्याने ते आठवत नाही, पण गल्ली जमली. शेजारच्या जसोदाबाई कणकेच्या हातांनी आल्या. बाळ मजेत झोपलेलं, दोरा सुटलेला. ताई भिंत धरून उभी होती. तिच्या सासूबाई, शांतीबाई, म्हणे पोर जित्तं शे, तू मात्र आमले मारी टाकशी. दोष दोऱ्याचा. यंत्राचा नाही.

१९ फेब्रुवारी
पुन्हा थांबलं. ओरडायचं नाही असा ठराव होता, म्हणून आधी चिमटा काढून पाहिला. बाळ जिवंत. फार मोठ्याने जिवंत. ताईने लाटणं फेकलं. नेम चांगला आहे तिचा.

२१ फेब्रुवारी
आज तीनदा. एकदा गाठ अडकली. एकदा बकरी आत येऊन घुंगराकडे बघत उभी राहिली आणि दोऱ्यावरच पाय दिला. एकदा घुंगरू वाजत होतं, पण दारात कल्हईवाला आला म्हणून मी ऐकायचं विसरलो. तिन्ही वेळा तेच आठवलं. गेल्या वर्षी त्या पोराला झोळीतून मीच उचललं होतं. खेळवायला म्हणून. हे लिहायचं नव्हतं.

२२ फेब्रुवारी
ठराव: घाबरायचं नाही. पाळला. दुपारपर्यंत.

२६ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
यंत्र पूर्ण यशस्वी! दोन तास झाले, घुंगरू थांबलेलं नाही. नाजूक, एका लयीत. मध्ये ताई काहीतरी सांगून गेली, मी हूं म्हटलं. जालमसिंग आला होता, त्याच्या नव्या ढोलाचं चामडं बघायला जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तरी वाजतंच आहे. ताईला शेवटी विश्वास बसला म्हणायचा, कुठेतरी जाऊन झोपली असेल. असलं यंत्र मुंबईतही नसेल.

तोच दिवस, दुपार
बायका हसत आल्या. पुढे ताई, हातात सूप, सुपात बाळ.
आधीचं मूल गेलं की इकडे पुढच्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. शेजारीण उचलून नेते, आई तिच्याकडून पायलीभर ज्वारी देऊन परत आणते. म्हणजे हे आपलं नव्हेच, कुणाची नजर लागायला नको. जसोदाबाईंनी उचललं. नाव ठेवलं सुपडू. सकाळी ताई हेच सांगत होती.
झोळीत मांजर झोपलं होतं. दोरा त्याच्या अंगाखाली. शांतीबाई म्हणे, मांजरना श्वास बराबर चाली ऱ्हायना ना, दाक्तर?
सगळ्या हसल्या. मीही हसायला गेलो, पण मटकन खालीच बसलो. दोन तास झोळीत एकदाही वाकून बघितलं नव्हतं. बघायची भीती वाटत होती म्हणून तर घुंगरू. ताई हसली नाही. तिने सुपडू माझ्या मांडीवर ठेवला.

१ मार्च, होळी
घुंगरू बकरीला परत केलं. जीप सकाळीच गेली. जालमसिंगने दोनदा हॉर्न वाजवायला लावला, मग मी हातानेच जा म्हटलं. त्याच हाताने, म्हणजे डाव्याने, लिहितोय. अक्षर घाण येतंय. उजवा सुपडूच्या पोटावर आहे. वर येतो. खाली जातो. मध्ये जरा थांबतो, तेव्हा मीही थांबतो.
शिंक येतेय. दाबून धरलीय.
ताई झोपली आहे.