साखळीतली शेवटची जागा

१४ ऑक्टोबर, मंगळवार दुपार

प्रिय ताई,

सलाम. आईसारखं ‘प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम’ लिहायला गेले तर तूच हसशील, म्हणून नुसताच. आम्ही सगळे मजेत. आई ठीक आहे, तिचे गुडघे तिच्यासारखेच हट्टी. मांजर जाडं झालंय.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. माझे मेसेज तू वाचतेस हे मला दिसतं आणि उत्तर देत नाहीस तेही दिसतं. कागदावर निदान तसलं काही दिसत नाही. शाळेत मराठीचा तास आला की माझं पोट दुखायचं हे तुला माहितेय, तेव्हा चुका माफ.

इथली मोठी बातमी म्हणजे कारखाना बंद झाला. कायमचा. आई अजून भोंग्याच्या वेळेला चहा टाकते आणि विचारते, “वाजला का गं?” अर्धी गल्ली रिकामी झालीये. चर्चमध्ये मागचे बाक आता कोणी पुसतही नाही.

महिला मंडळाचं कामच बदललं. आधी बाळंतिणीकडे जेवण पोचवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं. आता आम्ही लोकांची घरं बांधून देतो, म्हणजे खोक्यांत. मीही जाते, हो, मी! कपबशा जुन्या पेपरात गुंडाळायच्या, पलंगाचे स्क्रू पाकिटात घालून पलंगाच्याच फळीला चिकटवायचे, आणि शेवटी रिकाम्या खोलीत उभं राहून प्रार्थना करायची. खोली इतकी घुमते ना, पाळकीणबाई ‘आमेन’ म्हणाल्या की वाटतं वरच्या मजल्यावरूनही कोणीतरी म्हणालं.

आता मुद्द्यावर येते. खरं तर मुद्दा काय हेच मला नीट कळत नाहीये. सांगत जाते, तूच बघ.

साखळी आठवते ना? दर मंगळवारी दुपारी आई नर्सबाईंना फोन करायची, नर्सबाई पुढचीला, ती तिच्या पुढचीला, असं करत करत शेवटी टेलरमावशी. कोणासाठी प्रार्थना करायची ते मागणं ऐकायचं, पुढे सांगायचं, आपलं काही असलं तर गुपचूप त्यातच घालायचं. ‘हे कोणाचं’ असं कोणी कोणाला विचारायचं नाही. शेवटी टेलरमावशी आईला फोन करून सगळं म्हणून दाखवणार, आई ‘आमेन’ म्हणणार. साखळी जुळली.

मंडळात गेल्यागेल्या मी काय केलं असेल? बरोबर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कारणही तसंच होतं. पाळकांची एक दाढ काढायची होती. साखळीतून टेलरमावशीपर्यंत पोचेपर्यंत त्या दाढेचं मोठं ऑपरेशन झालं. मावशी डोळे पुसत सूप घेऊन गेल्या, तर पाळक शिडीवर चढून भिंत रंगवतायत! मी म्हटलं, पुरे झालं, एकदाच लिहा, सगळ्यांना एकदम कळेल. सगळ्या ‘हो हो’ म्हणाल्या. मला वाटलं, चला, मंडळ सुधारलं.

मग ग्रुपवर फुलं यायला लागली. जोडलेले हात, वाढदिवस, सुप्रभात. मागणं एकही नाही. एकीनेही लिहिलं नाही की नवऱ्याची नोकरी गेलीये, आणि नोकऱ्या तर घरोघरी गेल्या होत्या. आणि मी इतकी हुशार की मला वाटलं, वा, सगळ्यांचं बरं चाललंय!

मागच्या आठवड्यात टेलरमावशींचं घर बांधायला घेतलं. मावशी आता आपल्या मुलाकडे राहायला गेल्यात. मशीनला गोधडी गुंडाळत होतो, तर त्या मला म्हणाल्या, “काय गं, त्या दूरच्या मुलीचं काय झालं?”

“कोणती मुलगी?”

“अगं, दर मंगळवारी यायचं की. ‘दूर गेलेल्या एका मुलीसाठी. तिला सांभाळ, आणि तिला घराची आठवण येऊ दे.’ किती वर्षं म्हणतेय मी! तुझा ग्रुप आला आणि ते बंदच पडलं. बरी आहे ना ती?”

ताई, नर्सबाईंनी खोक्यावर चिकटपट्टी ओढली. आई बॉबिनं डबीत भरत होती. वर न बघता म्हणाली, “हिचं झाकण कुठंय?”

झाकण तिच्या मांडीवर होतं.

मी नर्सबाईंना जिन्यात गाठलं. आईचा फोन पहिला त्यांनाच जायचा. म्हणजे ते मागणं आईपासून सुरू व्हायचं की मध्येच कोणी घालायचं, हे त्यांना पक्कं माहीत.

“तुमच्याकडे यायचं तेव्हा असायचं का हो ते?”

“मंडळात येऊन किती दिवस झाले तुला?”

“सांगा ना.”

“हे खोकं धर. खालून धर, तळ जाईल त्याचा.”

झालं! मग मी स्वतःची समजूत घातली, की दूर गेलेली मुलगी म्हटलं तर आता आमच्यात प्रत्येकीकडे एक आहे. पाळकीणबाईंची लेक आहे, नर्सबाईंची भाची आहे. तूच कशावरून? पण किती वर्षं, असं मावशी म्हणाल्या. बाकीच्या तर आत्ता आत्ता गेल्या. तू एकटीच आधी गेलीस.

शेवटी आईलाच विचारलं. “आई, ते मागणं तुझं होतं?”

“भांडी झाली का?”

“झाली. तुझं होतं का?”

“साखळीत विचारायचं नसतं,” म्हणाली आणि झालेली भांडी परत विसळायला घेतली.

मला खरंच काही कळत नाही गं. ‘मग फोनसुद्धा करू नकोस’ हे तिने तुला म्हटलं, ते मी याच कानांनी ऐकलंय. तुझं लग्न चर्चमध्ये रीतीप्रमाणे तीन रविवार जाहीर झालं, टेलरमावशींनी ड्रेस शिवून ठेवला, आणि तू नाही म्हणालीस. मला वाटायचं तुझं बरोबर आहे. मग आई पुढच्या रविवारी एकटी पहिल्या बाकावर जाऊन बसली तेव्हा वाटलं तिचं बरोबर आहे. आजही माझं तेच चाललंय, सकाळी एक, संध्याकाळी एक. पण जी बाई तुझं नाव घरात काढू देत नाही, तीच जर दर मंगळवारी सगळ्या मंडळाला तुझ्यासाठी प्रार्थनेला बसवत असेल, तर हे मी काय समजायचं?

असो. साखळी परत सुरू झाली. सगळ्यांनाच हवी होती, मला सांगायला लाजत होत्या. ग्रुप फक्त फुलांसाठी ठेवलाय. अडचण एकच. टेलरमावशींनी जागा सोडली. “कान आता साथ देत नाहीत,” म्हणाल्या, “ते दाढेचं ऑपरेशन बहुतेक मीच केलं.” म्हणजे शेवटची जागा रिकामी, जिने आईला फोन करायचा ती. माझी आता तिच्या अलीकडची.

मी म्हटलं, मीच शेवटची होते. तर आई म्हणाली, “आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत फोन करणार? वेडी का तू?”

“मग बघते कोणीतरी.”

“नुसती हो म्हणणारी नको. फोन करणारी बघ.” मग तेलाची बाटली उघडत म्हणाली, “लांबची असली तरी चालेल. आता सगळ्याच लांब चालल्यात.”

हे ती अशीच म्हणाली, की मला ऐकवलं? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पण ती गुडघ्याला तेल लावत होती.

तर ताई, मी तुला शेवटची ठेवलीये. न विचारता. ओरड हवं तर. तुझं नाव मी आईला सांगितलेलं नाही. करायचं एवढंच की मी तुला फोन करून मागणी सांगीन, आणि तू ती आईला म्हणून दाखवायची. सॉरी म्हणायचं नाही, लग्नाचं बोलायचं नाही, कशी आहेस विचारायचंही बंधन नाही. तुझं स्वतःचं काही असेल तर मध्येच घाल, विचारायचं नाही हा नियम आईलाही आहे. ती ‘आमेन’ म्हणेल. पुढे ती फोन ठेवते की नाही, ते मला काय माहीत.

आज पहिला फोन फिरला. आत्ताच माझ्यापर्यंत आला. त्यात काय काय होतं ते मी कागदावर लिहिणार नाही, ते फोनवरच सांगायचं असतं. फक्त एक सांगते, सगळ्यात पहिलं कोणतं होतं ते ऐकून मी लगेच हा कागद ओढला.

हे पत्र मिळालं की मला एक मिस्ड कॉल दे, मी लगेच फोन करते. तोवर साखळी माझ्यापाशी अडकलीये. आई बाहेरच्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसलीये. सकाळीच तिने माझ्याकडून त्याचा आवाज वाढवून घेतला. मी आत्ता जाऊन तिला सांगितलं, “शेवटचीला तयार व्हायला थोडा वेळ लागेल, आई. आजचं काही खरं नाही.”

ती म्हणाली, “थांबते मी.”

तुझ्यामागून जन्मलेली, पण साखळीत तुझ्या आधीची,
छोटी